धनुष्कोडी : जाण्याची सोय आणि परतीची वाट

शासकीय कागदपत्रांत ‘दुर्गम’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. गाव दुर्गम आहे म्हणून तेथे शिक्षक टिकत नाही, डॉक्टर जात नाही, टपाल उशिरा पोहोचते. मग कधीतरी निधी मिळतो, रस्ता होतो, उद्घाटन होते आणि दुर्गम गावांच्या यादीतून ते नाव वगळले जाते. त्या गावापुरता प्रश्न सुटला असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पण गाव सुगम झाले म्हणजे नेमके कोणासाठी सुगम झाले, हा रकाना त्या यादीत कुठेच नसतो. भारताच्या आग्नेय टोकावरील एका किनारी गावाचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास या रकान्याच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ते गाव म्हणजे धनुष्कोडी.

चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीला स्थायिक झालेल्या आपल्यापैकी बऱ्याच मराठी कुटुंबांनी रामेश्वराची यात्रा केलेली असते आणि जाता जाता धनुष्कोडीही पाहिलेले असते. तेथील निळे पाणी, पांढरी वाळू आणि पडक्या भिंतींची छायाचित्रे आता घरोघरी आहेत. मी स्वतः तेथे दोनदा गेलो आहे. एकदा डांबरी रस्ता होण्यापूर्वी, वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून हेलकावे खात जाणाऱ्या खासगी व्हॅनमधून. आणि दुसऱ्यांदा रस्ता झाल्यावर, मोटारीतून, अर्ध्या तासात. या दोन प्रवासांतील फरक पाहूनच या गावाच्या वाटांचा इतिहास शोधावा असे मला वाटू लागले.

प्रथम भूगोल समजून घेऊ. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मंडपम या गावी मुख्य भूमी संपते. पुढे पांबनची सुमारे दोन किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे पांबन बेट. याच बेटावर रामेश्वर आहे. बेटाचा आग्नेयेकडील भाग निमुळता होत होत वाळूची एक अरुंद पट्टी होतो. पट्टीच्या एका अंगाला बंगालच्या उपसागराचे पाणी, दुसऱ्या अंगाला मन्नारच्या आखाताचे. या पट्टीवर धनुष्कोडी गाव होते आणि पट्टीचे शेवटचे टोक म्हणजे अरिचलमुनै. रामेश्वरपासून हे टोक सुमारे २० किलोमीटर. समोर श्रीलंकेचे तलैमन्नार बंदर. एके काळच्या आगबोटीचा मार्ग अवघा ३५ किलोमीटरांचा. रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला अशी कथा आहे, म्हणून हे धनुष्याचे टोक, धनुष्कोडी.

या टोकाकडे जाणारी पहिली वाट यात्रेकरूंची. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू घेऊन पुन्हा उत्तरेस प्रयागी जायचे, ही परंपरा महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत होती. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला नेत असलेले गंगाजल वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा याच यात्रेची आहे. धनुष्कोडीच्या सेतुस्नानाशिवाय यात्रा पुरी होत नाही अशी श्रद्धा होती. रामेश्वरच्या मंदिरातील पुजारी घराणी आजही मूळची महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणून ओळखली जातात, यावरून या वाटेवरची मराठी वर्दळ किती जुनी आहे हे ध्यानात येते.

पण ही वर्दळ केवळ श्रद्धेवर चालत नव्हती. तिच्यामागे व्यवस्था होती आणि त्या व्यवस्थेतला एक मोठा दुवा मराठी राजवटीने उभा केला होता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात जे राज्य स्थापन केले, ते १८५५ पर्यंत टिकले. या राजांनी रामेश्वराच्या मार्गावर ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली. तमिळ भाषेत त्यांना ‘चत्रम’ म्हणतात. यांपैकी अनेक छत्रे राजस्त्रियांच्या नावाची आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडू येथे १८०२ च्या सुमारास उभारलेले मुक्तांबाळ छत्र त्यांतले सर्वांत प्रसिद्ध.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती घेतला, तेव्हा सरफोजींनी ही छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून आग्रह धरला. १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास या संदर्भात एक पत्र लिहिले. प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून मला ते पत्र फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात इमारतींचे वर्णन जवळजवळ नाही, कामाचे आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला अन्न दिले जाई. शिजलेले अन्न न घेणाऱ्यास शिधा मिळे. आजारी वाटसरूसाठी वैद्य असे, त्याला पथ्याचे अन्न मिळे आणि तो बरा होईपर्यंत राहू शके. वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची देखभाल होई, तान्ह्या मुलांना दूध मिळे, अनाथ मुलांना शिकविले जाई, आणि कोणी तेथेच वारला तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी केला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे काय, हे विचारले जाई.

मला येथे जुन्या राजवटीचे गुणगान करायचे नाही. रस्ते कच्चे होते, साथीचे रोग होते, काशी-रामेश्वराला निघालेला मनुष्य घरी परतेलच याची खात्री नव्हती. तरीही त्या व्यवस्थेत एक जाण होती. वाटसरू मुक्कामाला पोहोचेल एवढे पाहून ती थांबत नव्हती. तो आजारी पडला तर, रात्र झाली तर, मेला तर काय, हे तिने आधी ठरवून ठेवले होते. मध्यरात्रीची ती घंटा म्हणजे कोण राहून गेले आहे याची रोजची चौकशी होती.

दुसरी वाट लोखंडाची. मदुराईहून निघालेला लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मंडपमपर्यंत आला. भारत आणि सिलोन यांना थेट रुळांनी जोडावे, सेतूच्या उथळ बांधावरूनच आगगाडी न्यावी, असा विचार तेव्हा गंभीरपणे झाला होता. पण खर्च पाहून तो सोडून देण्यात आला. त्याऐवजी पांबनच्या सामुद्रधुनीवर पूल, पुढे धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत रूळ आणि तेथून आगबोट, अशी योजना ठरली. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरांहून थोडी अधिक, आणि जहाजे जाण्यासाठी मध्यभागी दोन पाखांनी उघडणारा गाळा. मद्रासला तिकीट काढावे, गाडीतून धनुष्कोडीला उतरून आगबोटीत बसावे, तलैमन्नारला पुन्हा गाडी पकडावी आणि कोलंबो गाठावे, अशी ही सलग सोय होती. या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणू लागले. चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या एका गाडीला आजही तेच नाव आहे, बोट मात्र आता कुठेच नाही.

या सोयीमुळे वाळूच्या पट्टीवरचे कोळीवाड्यासारखे गाव पाहता पाहता बंदर झाले. रेल्वे स्थानक, रेल्वेचे लहानसे रुग्णालय, टपाल कार्यालय, जकात आणि बंदर खात्यांची कार्यालये, शाळा, चर्च, मंदिर असे सारे तेथे आले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरहून धनुष्कोडीला यात्रेकरू नेण्यासाठी नाव चालवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरचा थांबा बंद झाला, तेव्हा धनुष्कोडीकडे जाणाऱ्या धावत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे फेकले जात आणि ते गोळा करून छोट्या कलामांनी आयुष्यातली पहिली कमाई केली, हे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे.

या वाटेने सर्वांत मोठ्या संख्येने जे गेले, त्यांत मात्र यात्रेकरूंपेक्षा मजूर अधिक होते. सिलोनच्या चहाच्या मळ्यांसाठी तमिळ जिल्ह्यांतून माणसे नेली जात. मंडपम येथे या मजुरांसाठी एक छावणी होती. ती भारतीय भूमीवर असूनही सिलोन सरकार चालवीत असे. साथीचे रोग बेटावर जाऊ नयेत म्हणून मजुरांना तेथे अडवून, तपासून मगच पुढे सोडले जाई. हा तपशील मला फार बोलका वाटतो. जाणाऱ्याची तपासणी नीट होत होती, कारण मळ्यांना निरोगी हात हवे होते. तो माणूस परत कधी आणि कसा येणार याची व्यवस्था कोणाच्याच दफ्तरात नव्हती.

ती व्यवस्था पन्नास वर्षांनी करावी लागली. स्वातंत्र्यानंतर या मळेकामगारांना दोन्ही देशांचे नागरिकत्व नाही, अशी स्थिती आली. अखेर ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादुर शास्त्री आणि सिरिमावो बंदारनायके यांच्यात करार झाला. सुमारे पावणेदहा लाख लोकांपैकी ५ लाख २५ हजारांना भारताने नागरिकत्व देऊन परत घ्यावे, ३ लाखांना सिलोनने सामावून घ्यावे, आणि उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे करावा, असे ठरले. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे परत येणार तर त्यांची स्वाभाविक वाट तलैमन्नार ते धनुष्कोडी हीच होती. करारानंतर आठ आठवड्यांतच ती वाट समुद्राने गिळली.

डिसेंबर १९६४ च्या मध्यास अंदमानच्या दक्षिणेकडील समुद्रात हवेचा कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचे तीव्र चक्रीवादळ होऊन ते पश्चिमेकडे सरकले, २२ तारखेला सिलोनचा उत्तर भाग ओलांडून रात्री पांबन बेटावर आदळले. समुद्राच्या लाटा वीस फुटांहून अधिक उंचीने पट्टीवरून वाहून गेल्या. त्याच रात्री, बारा वाजण्यास पाच मिनिटे असताना, ६५३ क्रमांकाची सहा डब्यांची प्रवासी गाडी पांबनहून धनुष्कोडीकडे निघाली. धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल बंद पडलेला होता. चालकाने काही काळ वाट पाहिली, शिट्टी दिली आणि अंधारात गाडी पुढे घेतली. स्थानक काहीशे मीटरांवर असताना ती लाटेखाली गेली. गाडीतले कोणीही वाचले नाही.

मृतांचा आकडा सांगितला जातो तो ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी, असे ११५. परंतु विनातिकीट बसलेल्यांची मोजदाद कशी होणार? त्यामुळे हा आकडा दोनशेच्या घरात असावा असेही म्हटले जाते. संपूर्ण वादळात सिलोन व भारत मिळून सुमारे अठराशे माणसे दगावल्याचे मानले जाते. मला येथे थांबून एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या रात्री गावापर्यंत रूळ होते, तारायंत्र होते, सिग्नल होता. म्हणजे ‘संपर्क’ या शब्दाखाली जे जे मोडते ते सारे होते. पण वादळ आल्यावर सर्वांत आधी तारा आणि सिग्नलच गेले, आणि मागे राहिली ती फक्त पुढे जाण्याची सोय. थांबा, मागे फिरा, हे सांगणारे काही उरले नाही. वेळापत्रकाप्रमाणे गाडी सुटली.

वादळानंतरच्या दोन शासकीय निर्णयांची तुलना करण्यासारखी आहे. पांबन पुलाचे बहुतेक लोखंडी गर्डर वाहून गेले होते. उघडणारा गाळा मात्र टिकला होता. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली, ती पुढे तीन महिन्यांवर आणली गेली. काम सोपविले गेले बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन या अभियंत्यावर. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडल्याचे मच्छीमारांकडून कळले, ते वर काढून पुन्हा बसविण्यात आले आणि पूल ४६ दिवसांत सुरू झाला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले, म्हणून आपल्याला ते अधिक जवळचे. नवे सामान येण्याची वाट न पाहता, जे तळाशी आहे ते शोधून काम उभे करणे, हा प्रशासनाचा फार मोठा धडा आहे. आणि तो धडा एका मच्छीमाराच्या माहितीपासून सुरू होतो, हेही विसरू नये.

दुसरा निर्णय गावाविषयीचा. तेव्हाच्या मद्रास राज्य सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरविले. रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत. आगबोट रामेश्वरहून सुटू लागली. शास्त्री-सिरिमावो करारानुसार परत येणारे मळेकामगार याच बोटीने आले, आणि १९८४ मध्ये श्रीलंकेतील यादवीमुळे ती सेवा बंद पडली, तेव्हा ही परतीची वाटही मध्येच थांबली. मंडपमची जुनी छावणी पुढे श्रीलंकेतून येणाऱ्या निर्वासितांची छावणी झाली.

गाव पुन्हा वसवू नये, हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या वाळूच्या पट्टीवर पक्की वस्ती करणे म्हणजे पुढच्या वादळाला आमंत्रण. परंतु निर्णय योग्य असणे आणि पूर्ण असणे यांत अंतर असते. स्थानक, जकात, टपाल ही सरकारची कामे तेथून निघून गेली. मच्छीमार गेले नाहीत. जे गेले त्यांतले बरेच परत आले. त्यांना समुद्र हवा होता, आणि तो तेथेच होता. काही शेकडा कुटुंबे झावळ्यांच्या झोपड्यांत राहू लागली. किनाऱ्यालगतच्या वाळूत हातभर-दोन हात खोल खड्डा खणला की वर गोडे पाणी साठते, त्यावर ती तहान भागवीत. कागदोपत्री जेथे कोणी राहू नये तेथे वीज कशी द्यायची, घर कसे मंजूर करायचे? एका आदेशाने जागा निर्मनुष्य झाली, आणि तिथली माणसे दफ्तराच्या दृष्टीने अदृश्य झाली. त्यातच १९७४ आणि १९७६ च्या करारांनी भारत-श्रीलंका सागरी सीमा आखली गेली. जाळे टाकून परत येणे ही गोष्टसुद्धा आता सीमेच्या अलीकडची की पलीकडची, हे पाहून ठरू लागली.

अनेक वर्षे रामेश्वरहून निघालेला पक्का रस्ता मुकुंदरायर चत्रम येथे संपत असे. त्या नावातच छत्र आहे, हे पाहून मला पहिल्या भेटीत आश्चर्य वाटले होते. जेथे जुन्या काळी वाटसरूचा विसावा असेल, तेथेच आधुनिक राज्याचा डांबरी रस्ता थांबला होता. पुढचे अंतर पायी किंवा व्हॅनने. त्या व्हॅनमधून पर्यटकांबरोबर माशांच्या टोपल्या आणि पाण्याचे डबेही येत-जात. पंचेचाळीस किलो सामान आणि तीन मुले घेऊन बसलेली एक बाई मला आठवते. तिच्या दृष्टीने ती सहल नव्हती, बाजारहाट होती.

तिसरी वाट ही डांबराची. मुख्य भूमी आणि बेट यांना जोडणारा मोटारींचा पूल २ ऑक्टोबर १९८८ रोजी खुला झाला होता. २७ जुलै २०१७ रोजी मुकुंदरायर चत्रम ते अरिचलमुनै हा साडेनऊ किलोमीटरांचा रस्ता राष्ट्रास अर्पण झाला. त्रेपन्न वर्षांनी धनुष्कोडी पुन्हा सुगम झाले. त्यानंतर पांबनचा जुना रेल्वे पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस बंद करावा लागला, आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारचा नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा आता सरळ वर उचलला जातो. रामेश्वर ते धनुष्कोडी लोहमार्ग पुन्हा टाकण्याची कोनशिला मार्च २०१९ मध्ये बसविली गेली. रूळ मात्र अजून पडलेले नाहीत. ५ जून २०२५ रोजी तमिळनाडू सरकारने या परिसरातील सुमारे ५२५ हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केले.

रस्ता झाला हे चांगलेच झाले. आजारी माणसाला रामेश्वरच्या रुग्णालयात आता तासाभरात नेता येते आणि ताजी मासळी वेळेत बाजारात पोहोचते. पण हा रस्ता ज्याच्यासाठी मुख्यतः झाला तो पर्यटक, आणि तो सायंकाळी परततो. अंधार पडल्यावर त्याला तेथे थांबू दिले जात नाही. रात्री तेथे असतो तो मच्छीमार. म्हणजे रस्त्याचे नियोजन दिवसाच्या गर्दीचे आणि धोका रात्रीच्या वस्तीचा, अशी ही विभागणी आहे. १९६४ ची गाडीही रात्रीचीच होती.

मधल्या काळात देशाने काही शिकले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० मध्ये विशाखापट्टणम येथे वादळाचा माग काढणारे पहिले रडार बसले. १९८३ पासून इन्सॅट उपग्रहाची चित्रे मिळू लागली. तरीही १९७७ मध्ये आंध्रच्या दिवीसीमेत आणि १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा-दहा हजार माणसे गेली, कारण अंदाज असणे आणि तो शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचून माणूस तेथून हलणे, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ओडिशाने त्यानंतर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, कोणाला कोठे हलवायचे याच्या याद्या केल्या. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा झाला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ गोपालपूर या अशाच एका जुन्या बंदराच्या आणि पुळणीच्या गावाजवळ आदळले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली होती आणि मृत्यू काही दशकांवर राहिले. डिसेंबर २०२० मध्ये बुरेवी वादळ त्रिंकोमालीवरून मन्नारच्या आखातात, पांबनच्या जवळ आले. वाट जवळपास १९६४ चीच, पण ते जमिनीवरून येताना क्षीण झाले होते आणि त्याची वर्दी दिवसांआधीच किनाऱ्यावर पोहोचली होती.

ओडिशाच्या यशात मला सरफोजींच्या घंटेची आठवण होते. याद्या, निवारे, स्वयंसेवक यांचा अर्थ एवढाच की कोण राहून गेले आहे हे कोणीतरी वेळेवर विचारते. त्यासाठी ती माणसे तेथे आहेत हे आधी मान्य करावे लागते. ‘राहण्यास अयोग्य’ असा शेरा मारलेल्या जागेवर राहणाऱ्यांची यादी करायला अधिकारी कचरतो, कारण यादी केली की त्यांचे राहणे मान्य केल्यासारखे होते. माझ्या मते या दोन गोष्टी निक्षून वेगळ्या केल्या पाहिजेत. पक्क्या घराची परवानगी नाकारता येईल. माणसाची नोंद नाकारता येणार नाही. धनुष्कोडीतच नव्हे, तर देशाच्या साऱ्या किनाऱ्यावर, नद्यांच्या पात्रातील बेटांवर, अभयारण्यांच्या कडेला असे शेरे मारलेल्या असंख्य जागा आहेत आणि प्रत्येक जागी कोणीतरी राहते आहे.

ज्यांना तेथे जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी रामेश्वर येते. विमानाने गेल्यास मदुराई जवळचे, तेथून रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. रामेश्वरहून अरिचलमुनैला बस, रिक्षा, मोटार सारे मिळते. दुपारचे ऊन टाळून सकाळीच जावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथे पावसाचा आणि वादळांचा काळ, हे लक्षात ठेवावे आणि बंदी असल्यास हुज्जत घालू नये. पाणी अतिशय ओढीचे असते, म्हणून टोकावर पोहण्याचा मोह आवरावा. वाटेतले कोदंडरामाचे मंदिर १९६४ च्या वादळातून वाचले, ते पाहावे. स्थानकाचे आणि चर्चचे अवशेष पाहताना त्यांवर नावे कोरू नयेत. तेथे माणसे मेलेली आहेत. आणि शक्य झाल्यास तेथील मच्छीमारांकडून मासळी किंवा शंखशिंपले घेताना दोन शब्द बोलावेत, त्यांचे गोड्या पाण्याचे खड्डे पाहावेत.

जे प्रशासनात आहेत त्यांना माझी विनंती वेगळी आहे. दुर्गम ठिकाणच्या रस्त्याची नस्ती समोर आली की अंतर, रुंदी आणि अंदाजपत्रक यांच्याबरोबर तीन प्रश्न शेऱ्यात लिहावेत. या रस्त्याच्या टोकाला रात्री कोण असते? तारा तुटल्यावर त्याच्यापर्यंत निरोप कसा पोहोचेल? आणि निरोप पोहोचल्यावर तो किती वेळात बाहेर येऊ शकेल? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्या गावाचे नाव दुर्गम यादीतून काढू नये.